‘सापडत नाही’चे शास्त्र

ओपन सोर्स सॉफ्टवेअर दोन रूपांत मिळते. पहिले तयार रूप: इन्स्टॉलर उतरवून घ्यावा, ‘नेक्स्ट’ दाबत जावे, काम संपले. दुसरे कच्चे रूप, म्हणजे सोर्स कोड. तो कंपायलरमधून काढून, लिंकरने सांधून त्याचा चालता प्रोग्रॅम तयार करणे याला बिल्ड करणे म्हणतात. लिनक्सवर हे काम बहुधा तीन-चार कमांडमध्ये उरकते. विंडोजवरही ते तीन-चार कमांडमध्येच उरकते, असे प्रकल्पाच्या रीडमी फाइलमध्ये लिहिलेले असते.

या तफावतीचे मूळ इतिहासात आहे. बिल्डची कामे क्रमाने लावून देणारे ‘मेक’ हे अवजार स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये बेल लॅब्जमध्ये लिहिले. रिचर्ड स्टॉलमन यांचा जीसीसी कंपायलर १९८७ मध्ये बाहेर पडला. दोन्ही अवजारांनी भोवताली युनिक्स आहे हे गृहीतच धरले. विंडोजबरोबर सी भाषेचा कंपायलर कधी आला नाही. ज्याला हवा त्याने तो वेगळा आणावा, अशी रीत. त्यात विंडोजच्या आधीच्या एमएस-डॉसमध्ये फोल्डर आले ते १९८३ मध्ये, दुसऱ्या आवृत्तीबरोबर. तोवर साधा तिरपा दांडा कमांडच्या पर्यायांसाठी खर्ची पडला होता, म्हणून फोल्डरांच्या वाट्याला उलटा दांडा आला. त्या दांड्याने आजवर किती संध्याकाळी खाल्ल्या याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही.

या विद्येच्या अभ्यासाला बंगळुरूतील बेळ्ळंदूर हे उत्तम क्षेत्र आहे. आउटर रिंग रोडवरच्या टेक पार्कांमुळे इथल्या पीजींत आणि फ्लॅटांत कोल्हापूर, सांगली, बेळगाव, लातूर अशा सर्व दिशांचे मराठी अभियंते दाटीवाटीने राहतात. जानेवारी २०१८ मध्ये इथल्या तलावाला आग लागली होती आणि सप्टेंबर २०२२ च्या पुरात याच भागातून अभियंते ट्रॅक्टरमध्ये उभे राहून ऑफिसला गेले होते. ज्या गावात पाणी पेटते, त्या गावात ‘सी कंपायलरला एक्झिक्युटेबल फाइल तयार करता येत नाही’ असा संदेश पडद्यावर उमटला तर कोणाची झोप उडत नाही. हा संदेश काल्पनिक नाही. कॉन्फिगर नावाची स्क्रिप्ट तो देते, तोही अगदी शांतपणे.

बेळ्ळंदूरच्या अभियंत्याजवळ सहसा दोन लॅपटॉप असतात. ऑफिसचा लॅपटॉप दणकट असतो, पण त्यावर काही इन्स्टॉल करण्याचा अधिकार त्याला नसतो. त्यासाठी तिकीट टाकावे लागते. तिकिटात ‘कारण’ असा एक रकाना असतो आणि त्यात ‘हौस’ लिहून चालत नाही. घरच्या लॅपटॉपवर अधिकार सगळे असतात. फक्त सी ड्राइव्हमध्ये जागा नसते. म्हणून बिल्डचा मुहूर्त शनिवारी सकाळी, घरच्या लॅपटॉपवर, लग्नाचे जुने व्हिडिओ पुसून लागतो.

उदाहरण म्हणून टेसरॅक्ट घेता येईल, कारण ते मराठी माणसाच्या कामाचे आहे. छापील मजकुराच्या चित्रातून अक्षरे ओळखणारा हा प्रोग्रॅम. एचपी कंपनीत १९८५ ते १९९४ या काळात तो घडला, २००५ मध्ये ओपन सोर्स झाला आणि पुढच्या वर्षापासून गूगलने त्याचा सांभाळ केला. त्याला मराठी वाचता येते. जुन्या दिवाळी अंकांचे स्कॅन त्याच्यापुढे ठेवले की तो टाइप केलेला मजकूर देतो. विंडोजसाठी त्याचा तयार इन्स्टॉलर जर्मनीतल्या मानहाइम विद्यापीठाचे ग्रंथालय पुरवते. पण बेळ्ळंदूरचा अभियंता आठवडाभर दुसऱ्यांचे कोड दुरुस्त करतो. शनिवारी तयार इन्स्टॉलर वापरणे त्याला कमीपणाचे वाटते. तो सोर्स कोड उतरवतो.

पहिला टप्पा कंपायलर निवडण्याचा. मार्ग चार आहेत. मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा कंपायलर; जीसीसीला विंडोजच्या घरात नांदवणारा मिनजीडब्ल्यू, जो आता एमएसवायएस-टू या संचातून घेतात; १९९५ पासून विंडोजवर युनिक्सचे वातावरण उभे करणारा सिगविन; आणि २०१६ मध्ये आलेला डब्ल्यूएसएल, ज्यात विंडोजच्या आतच लिनक्स चालते. चारही मार्ग चांगले आहेत. संकट येते ते माणूस चारही मार्गांनी एकदम निघाला की. दुपारपर्यंत लॅपटॉपवर चार कंपायलर झालेले असतात आणि बिल्डला हवा तो नेमका पाचवा असतो.

मायक्रोसॉफ्टच्या मार्गावर एक नेहमीची चकवा देणारी जागा आहे. व्हिज्युअल स्टुडिओ आणि व्हिज्युअल स्टुडिओ कोड या दोन वेगळ्या वस्तू आहेत. दुसरी वस्तू हे एक छान एडिटर आहे, पण तिच्यासोबत कंपायलर येत नाही. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा. पहिली वस्तू घेतली तरी इन्स्टॉलरमध्ये ‘डेस्कटॉप डेव्हलपमेंट विथ सी प्लस प्लस’ या चौकोनात खूण करावी लागते. ती राहिली तर कित्येक जीबी उतरतात, तासभर पंखा घुमतो, आणि कंपायलर सोडून बाकी सगळे येते.

एमएसवायएस-टूच्या मार्गावर स्टार्ट मेनूत एकसारख्या नावांची, निरनिराळ्या रंगांची चिन्हे दिसू लागतात. प्रत्येक चिन्ह वेगळे वातावरण उघडते. एका रंगात जीसीसी इन्स्टॉल करून दुसऱ्या रंगात शोधला, तर तो सापडत नाही. इथे दोष रंगांधळेपणाचा नसतो. रंगाला अर्थ असेल असे कोणाच्या मनात येत नाही, एवढेच.

दुसरा टप्पा पाथचा, आणि बहुतेकांचे घोडे इथेच पेंड खाते. कंपायलर डिस्कवर असतो, डोळ्यांना दिसतो, पण ‘सीएल’ ही मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरची कमांड दिली की विंडोज अशी कमांड ओळखत नसल्याचे सांगते. पाथ ही फोल्डरांची एक यादी असते. कमांड दिली की विंडोज ती यादी वरून खाली चाळते आणि त्या नावाचा जो पहिला प्रोग्रॅम भेटेल तो चालवते. बेळ्ळंदूरच्या एखाद्या सोसायटीत डिलिव्हरीवाला ‘कुलकर्णी’ एवढ्याच नावावर पार्सल घेऊन आला, तर वॉचमन त्याला यादीतल्या पहिल्या कुलकर्ण्यांकडे धाडतो. ते धारवाडचे कानडी कुलकर्णी आहेत की साताऱ्याचे मराठी, ही चौकशी यादीच्या कामात बसत नाही.

याचे अस्सल उदाहरण लिंक हा प्रोग्रॅम. मायक्रोसॉफ्टचा लिंक हा लिंकर आहे. युनिक्सच्या अवजारांतही लिंक नावाचा एक प्रोग्रॅम असतो. तो एका फाइलला दुसरे नाव जोडतो आणि गप्प बसतो. पाथमध्ये एमएसवायएस-टूचा फोल्डर आधी लागला तर कंपायलरने बनवलेल्या ऑब्जेक्ट फाइलींची सगळी पार्सले या दुसऱ्या कुलकर्ण्यांच्या दारात पडतात. ते ‘जास्तीचा ऑपरंड’ अशी तक्रार करतात. लिंकरच्या नावाने दिवसभर शिव्या देणाऱ्याला, लिंकर अजून चाललेलाच नाही, हे संध्याकाळी कळते.

उपाय दोन. मायक्रोसॉफ्टचा कंपायलर साध्या कमांड प्रॉम्प्टमधून हाकू नये. त्याच्याबरोबर ‘एक्स-६४ नेटिव्ह टूल्स कमांड प्रॉम्प्ट’ येतो, तो उघडावा, म्हणजे पाथ आपोआप नीट लागतो. आणि शंका आली की ‘व्हेअर’ कमांडने त्या नावाचे कोण कोण घरात आहेत ते विचारावे. पॉवरशेलमध्ये मात्र ‘व्हेअर-डॉट-ईएक्सई’ असे पूर्ण नाव घ्यावे, कारण तिथे नुसते ‘व्हेअर’ भलत्याच कामाला लावलेले आहे.

पाथ हाताने दुरुस्त करणाऱ्यांनी सेटएक्स या कमांडपासून चार हात लांब राहावे. ती १०२४ अक्षरांनंतरचा मजकूर छाटते. छाटताना ‘मजकूर कापला जात आहे’ असा इशारा देते आणि लगेच खालच्या ओळीत ‘यशस्वी’ असे लिहिते. पाथ नीट बदलल्यावरही आधीपासून उघडे असलेले टर्मिनल जुनाच पाथ धरून बसते. शेजारच्या खोलीतला सांगलीचा रूममेट चहाचा कप घेऊन दारात उभा राहतो आणि विचारतो, “टर्मिनल बंद करून परत उघडलास का रे?” उघडलेले नसते. हा प्रश्न इतक्या वेळा बरोबर ठरतो की केवळ त्या जोरावर काहींची फ्लॅटमध्ये ज्येष्ठ म्हणून गणना होते.

तिसरा टप्पा फोल्डरांच्या नावांचा. युनिक्सच्या परंपरेत नावात मोकळी जागा नसते. विंडोजचा मुख्य फोल्डरच ‘प्रोग्रॅम फाइल्स’. जुन्या स्क्रिप्टांना तिथे दोन नावे दिसतात. युजरचे नाव ‘आदित्य जोशी’ असे ऐसपैस ठेवले तर घरचा फोल्डरही तसाच होतो, आणि मातृभाषेच्या प्रेमाने ते देवनागरीत ठेवले तर काही अवजारे पहिल्या वेलांटीलाच हात टेकतात. विंडोजमध्ये फाइलच्या संपूर्ण पत्त्याला २६० अक्षरांची जुनी मर्यादा आहे. २०१६ च्या विंडोज १० आवृत्तीपासून ती उठवता येते, पण त्यासाठी रजिस्ट्रीत एक बदल करावा लागतो आणि त्या त्या प्रोग्रॅमची तयारीही असावी लागते. शिवाय विंडोजला लहान आणि मोठी इंग्रजी लिपी सारखीच. लिनक्स कर्नलच्या सोर्समध्ये केवळ लिपीच्या आकाराने वेगळ्या असलेल्या फाइलींच्या जोड्या आहेत. विंडोजवर उतरवताना त्यांतली एक दुसरीवर बसते. तेव्हा सोर्स कोडसाठी सी ड्राइव्हच्या मुळाशी तीन अक्षरी फोल्डर करावा. त्याला वनड्राइव्हच्या छायेपासून दूर ठेवावे, नाहीतर अर्धवट ऑब्जेक्ट फाइलीसुद्धा इमानेइतबारे ढगात जमा होत राहतात.

चौथा टप्पा न दिसणाऱ्या अक्षरांचा. विंडोज ओळीच्या शेवटी दोन चिन्हे घालते, युनिक्स एक. गिट या अवजाराने सोर्स कोड उतरवताना ओळींचे शेवट बदलले तर शेल स्क्रिप्ट अशा अक्षराबद्दल कुरकुरते, जे बहुतेक एडिटरांमध्ये सहजी दिसत नाही. मेकफाइलचे दुखणे याच जातीचे: तिथे कमांडच्या आधी टॅबच लागतो, स्पेस चालत नाही. फेल्डमन यांना ही अडचण लवकरच उमगली होती. पण तोवर मेक वापरणारे डझनभर लोक झाले होते, बहुतेक मित्रच, आणि त्यांची घडी कशाला मोडा म्हणून टॅब राहिला. त्या डझनभरांचा संकोच सारे जग आज भोगत आहे.

पाचवा टप्पा सीमेकचा. २००० पासूनचे हे अवजार कंपायलर, लायब्ररी वगैरे शोधून बिल्डची आखणी करून देते. शोधलेले ते कॅशमध्ये लिहून ठेवते आणि मग कोणाचे ऐकत नाही. सकाळी चुकीचा कंपायलर सापडला असेल, तर दुपारी बरोबर कंपायलर बसवूनही ते सकाळच्याच निष्कर्षाला चिकटून राहते. बिल्डचा फोल्डर पूर्ण पुसून नव्याने सुरुवात करणे हा इलाज. टेसरॅक्टला लेप्टोनिका ही चित्रांची लायब्ररी लागते, लेप्टोनिकाला पीएनजी, जेपीईजी, टिफ अशा आणखी लायब्रऱ्या, आणि त्यांतल्या काहींना झेडलिब. हा गोतावळा एकेक करून जमवू नये. मायक्रोसॉफ्टचे व्हीसीपीकेजी हे ओपन सोर्स अवजार तो एका कमांडने आणते आणि एकाच कंपायलरने बांधते.

सहावा टप्पा लिंकरचा. ‘अनरिझॉल्व्ह्ड एक्स्टर्नल सिम्बॉल’, म्हणजे एलएनके २०१९, हा इथला प्रसिद्ध संदेश. हेडर फाइलने वचन दिलेले असते, पण ते पाळणारी लायब्ररी लिंकरला मिळत नाही. नेहमीची कारणे तीन: लायब्ररीचे नाव दिलेले नाही, ती ३२ बिटांची आहे आणि बिल्ड ६४ बिटांचे, किंवा ती जीसीसीने बांधलेली सी प्लस प्लस लायब्ररी आहे आणि जोडणारा मायक्रोसॉफ्टचा लिंकर. शेवटच्या जोडीचे जमत नाही, कारण फंक्शनांची नावे आतून लिहिण्याची दोघांची पद्धत वेगळी. तरीही लोक कोड बदलत बसतात. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

सातवा टप्पा प्रोग्रॅम चालवण्याचा, कारण बिल्ड झाले म्हणजे चालले असे नव्हे. आधी एखादी डीएलएल, म्हणजे प्रोग्रॅमला चालताना लागणारी लायब्ररी, सापडत नाही. ती पाथमधल्या फोल्डरात किंवा प्रोग्रॅमशेजारी ठेवावी. मग टेसरॅक्टला मराठीची डेटा फाइल सापडत नाही; तिचा फोल्डर ‘टेसडेटा प्रीफिक्स’ या एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबलमध्ये सांगावा. अखेर रात्री दिवाळी अंकाचे पहिले पान ओळखले जाते आणि कमांड प्रॉम्प्टमध्ये मराठीऐवजी भलतीच चिन्हे उमटतात. इथे खचू नये. मजकूर बरोबर आहे, खिडकी चुकीची आहे. ‘सीएचसीपी ६५००१’ ही कमांड देऊन पाहावी, नाहीतर मजकूर फाइलमध्ये घेऊन नोटपॅडमध्ये उघडावा.

या सातही टप्प्यांत समान असे एकच सूत्र आहे. विंडोजवर बिल्ड फसते तेव्हा कोड क्वचितच चुकलेला असतो. कोणाला तरी काहीतरी सापडलेले नसते, किंवा भलतेच सापडलेले असते. आणि काय सापडले नाही हे पडद्यावर लिहिलेले असते. फक्त ते पहिल्या एररमध्ये असते, आणि माणूस शेवटची ओळ वाचतो. शेवटची ओळ ‘बिल्ड फसले’ एवढेच सांगते, जे लॅपटॉपच्या पंख्याचा आवाज थांबल्यावर समजलेलेच असते. म्हणून शेकडो ओळींचा लॉग वरून वाचत यावा, पहिल्या एररशी थांबावे आणि तेवढीच दुरुस्त करावी. तिच्याखालच्या बऱ्याचशा आपोआप जातात.

ज्याला फक्त दिवाळी अंक वाचून घ्यायचे आहेत त्याने तयार इन्स्टॉलर वापरावा, त्यात कमीपणा नाही. ज्याला कोडमध्ये काही बदलायचे आहे त्याने एक कंपायलर निवडावा आणि शेवटपर्यंत त्याच्याशी एकनिष्ठ राहावे. आणि ज्याचे बिल्ड पार पडले, त्याने झोपण्याआधी आपल्या पायऱ्या क्रमाने लिहून मूळ प्रकल्पाला पाठवाव्यात. रीडमीतल्या त्या तीन-चार कमांड अशाच कोणीतरी लिहिल्या आहेत; विंडोजच्या बाकीच्या लिहायच्या राहिल्या आहेत.