पहाटरसिकांसाठी आचारसंहिता (आत्याच्या दुरुस्त्यांसह)

कोजागिरीचं आटीव दूध पचतं न पचतं तोच पुण्यातले चौक आणि विजेचे खांब दिवाळी पहाटेच्या फलकांनी भरून जातात. फलकावर सर्वांत वर संकल्पकाचा चेहरा, त्याखाली त्याच्या नेत्यांचे, त्याखाली शुभेच्छुकांचे, आणि अगदी तळाशी, जागा उरली म्हणून घातल्यासारखं, गाणाऱ्याचं नाव. जाणत्या रसिकाने फलक नेहमी खालून वर वाचावा. तबल्याला कोण, पेटीला कोण हे नावानिशी छापलं असेल तर कार्यक्रम ऐकण्याजोगा असण्याची शक्यता आहे. नुसतं 'आणि सहकारी' असेल तर झोप पूर्ण करावी.

डोंबिवलीकरांना हे काही लागत नाही. ते दिवाळीच्या सकाळी नवे कपडे घालून फडके रोडवर जमतात, एकमेकांना बघतात आणि घरी जातात. पुणेकराला बसायला खुर्ची लागते, आणि खुर्ची म्हटली की नियम आले. पुढील आचारसंहिता मी लिहिली आहे. ती तपासून, निम्म्याहून अधिक खोडून, समासात स्वतःचं मत लिहून आत्याने परत केली आहे.

कलम पहिले : प्रवेशिका. प्रवेशिका विनामूल्य असतात, म्हणूनच त्या मिळत नाहीत. 'सकाळी नऊपासून उपलब्ध' याचा अर्थ नऊ वाजता संपतात. रांगेत उभं राहणं हा मार्ग सामान्यांचा. आत्या बँकेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण सदाशिव पेठेत कोणाची ठेव कुठे आणि ती कधी मुदतपूर्व मोडली हे तिला अजून पाठ आहे. ती फोन लावते आणि एवढंच म्हणते, "अरे, तुझ्या बाबांचं लॉकर मी मिळवून दिलं होतं. चार पास बाजूला ठेव." आम्ही दोघंच जाणार असतो. उरलेले दोन 'कोणाला तरी लागतील' म्हणून. ते कोणालाच लागत नाहीत आणि पुढच्या दिवाळीपर्यंत फ्रिजवर चुंबकाखाली राहतात.

कलम दुसरे : वेळ. पहाट म्हणजे सूर्य उगवण्याआधीची वेळ, असा जुना समज आहे. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी उघड्यावरचा ध्वनिक्षेपक सकाळी सहापर्यंत बंद ठेवला. दिवाळीत पुण्यात सूर्य साडेसहाच्या आसपास उगवतो. म्हणजे बागेतल्या पहाटेला कायद्याने मिळते ती जेमतेम अर्ध्या तासाची पहाट, आणि त्या अर्ध्या तासात दीपप्रज्वलन असतं. ललत हा खरं तर अंधार असतानाच गायचा राग. तो ज्यांना ऐकायचा आहे त्यांनी बंद नाट्यगृहातला कार्यक्रम निवडावा, तिथे सहाची अट नसते. ज्यांना गार वारा, पणत्या आणि ओळखीची माणसं हवीत त्यांनी सारसबाग गाठावी. दोन्ही हवं असणाऱ्यांनी आत्याशी वाद घालू नये.

कलम तिसरे : अभ्यंगस्नान. करवून घ्यावं, पण उटणं कानातून नीट पुसून काढावं.

कलम चौथे : जागा धरणे. हा या शास्त्राचा गाभा. जागा धरायच्या वस्तूंना उतरंड आहे. रुमाल सर्वांत दुबळा, कारण तो कोणीही उचलून 'कोणाचा पडलाय?' असं विचारू शकतं. पाण्याची बाटली बरी. पिशवी उत्तम, विशेषतः आत काय आहे ते कळत नसेल तर. छत्रीला आव्हान देण्याची हिंमत मी आजवर कोणात पाहिलेली नाही. ऑक्टोबर संपताना छत्री घेऊन येणाऱ्या माणसाशी वाद नको, असं लोकांना वाटत असावं.

पण जागा धरायची कुठे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. लोक मधोमध धावतात. मधोमध कॅमेरेवाला उभा राहतो. गायकाच्या उजव्या हाताला तबला असतो, डाव्या हाताला पेटी. म्हणजे आपण प्रेक्षकांतून बघताना तबला डावीकडे. आत्या कायम डावीकडे बसते, पाचव्या-सहाव्या रांगेत, भोंग्याच्या तोंडासमोरून चार खुर्च्या आत. तिथून तबलजीची बोटं दिसतात आणि गायकाने त्याच्याकडे टाकलेली नजरही.

पहिल्या दोन रांगांत पांढरे अभ्रे घातलेले सोफे असतात, 'निमंत्रितांसाठी राखीव'. सुरुवातीला ते रिकामे असतात. सत्काराआधी भरतात, सत्कारानंतर पुन्हा रिकामे होतात, कारण निमंत्रितांना आणखी चार पहाटा उजळायच्या असतात. या दुसऱ्या रिकामपणाची वाट बघावी. शाल अंगावर पडली, श्रीफळ हातात आलं, सौभाग्यवतींनी गजरा घेतला, की स्वयंसेवकांचं लक्ष गाड्यांकडे जातं. तेवढ्यात उठून, कोणाकडेही न बघता, गुडघा दुखत असल्यासारखं चालत जाऊन सोफ्यावर बसावं. आत्याचा गुडघा खरंच दुखतो, त्यामुळे तिच्या कामात सफाई आहे.

कलम पाचवे मोबाइल बंद ठेवण्याबद्दल होतं. ऐन आलापात आत्याच्या पर्समधून गायत्री मंत्र वाजल्यापासून ते स्थगित आहे.

कलम सहावे : भाषणे. इथे मला मार्गदर्शन जमणार नाही. तासभर आधी उठून, अंगाला तेल चोळून, रिक्षावाल्याच्या विनवण्या करून माणूस येतो, आणि समोर सहा जण एका मेणबत्तीने समईची पाच तोंडं पेटवायला बघत असतात. वाऱ्याने मेणबत्ती विझते. सातवा काडेपेटी शोधतो. मग निवेदिका प्रकाशाच्या सणावर बोलते, मग अंधारावर, मग पुन्हा प्रकाशावर. प्रायोजक मराठी संस्कृती टिकली पाहिजे म्हणतात. मागे तानपुरा जुळवून बसलेल्या बाईंना मात्र कोणी विचारत नाही, की तुमचा राग आता कोणत्या वेळेचा उरला? वैताग आहे नुसता. आत्या एवढा वेळ शांतपणे दिवाळी अंक वाचते. पिशवीत तोच असतो.

पण अंक वाचतानाही तिचे कान मंचावर असतात. तानपुऱ्याची पहिली तार पंचमात न लावता मध्यमात लावली, की ती पान न उलटता कोपराने ढोसते, "ललत असणार." ललतात पंचम नाही, म्हणून ती तार मध्यमात. निवेदिका अजून दीपोत्सवातच असते.

कलम सातवे : मान हलवणे. समेवर मान हलवणं ही पुण्यात नागरिकत्वाची खूण आहे. पण विलंबित एकतालाच्या बारा मात्रा इतक्या सावकाश जातात की नवखा माणूस वाटेतच कुठेतरी मान हलवून मोकळा होतो आणि शेजारच्या काकांच्या नजरेतून कायमचा उतरतो. उपाय असा : 'तिरकिट' ऐकू येण्याची वाट बघावी. ते ठेक्यात दोनदा येतं, चौथ्या मात्रेला आणि दहाव्या. चौथ्याला फसू नये. त्यामागून 'तू ना' येतं आणि डग्गा गप्प असतो. दहाव्यामागून 'धिं ना' येतं, डग्गा बोलतो, गायिका मुखडा उचलते आणि सम येते. तिथे मान. हे आत्याने मला टाळी धरून, माझ्याच गुडघ्यावर, भर कार्यक्रमात शिकवलं. तरीही खात्री नसेल तर तबलजीचा चेहरा बघावा. तोही दिसत नसेल तर डोळे मिटून संबंध आवर्तनभर हळूहळू डोलावं. कुठल्या ना कुठल्या क्षणी सम असतेच.

पोटकलम : हातोडी. बागेत दव पडतं. तबल्याची पुडी ओलावा धरते आणि स्वर उतरतो. मग तबलजी गजऱ्यावर वरून हातोडीचे ठोके मारत घरं एकेक करून चढवतो, गट्टे ठोकतो, कान खाली नेतो, परत ठोकतो. सातनंतर ऊन येतं, पुडी सुकून ताणली जाते, तबला चढतो, आणि तो तीच हातोडी गजऱ्याच्या खालच्या अंगाने मारत त्याला उतरवतो. अर्धं मैदान या वेळात गप्पा मारून घेतं, अजून सुरू झालेलं नाही या समजुतीने. मीही एकदा काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतं. आत्या म्हणाली, "गप्प. तो ऐकतोय."

कलम आठवे : फर्माईश. चिठ्ठी पाठवू नये. पाठवलीच तर गाणं नुकतंच झालेलं नसावं.

कलम नववे : भैरवी. भैरवीनंतर गायचं नसतं, अशी रीत आहे. त्यामुळे भैरवीचे पहिले सूर लागले की निम्मे श्रोते पायाने चपला शोधायला लागतात. आत्याच्या मते तेव्हा उठणाऱ्यांच्या गाड्यांची हवा सोडावी. हे मी कलमात घेतलेलं नाही, पण समासात तिने दोनदा लिहिलं आहे आणि खाली रेघ मारली आहे. तिची भैरवी चालू असते तेव्हा तिच्या तोंडाकडे बघायचं नाही, हा नियम आमच्या घरात सगळे पाळतात. मुलंसुद्धा. नंतर ती नाक पुसते, 'दव पडलंय' म्हणते आणि मिसळ कुठे खायची ते सांगते. रांग बघून बेत बदलण्याची परवानगी नाही.

कलम दहावे : एकाच वेळी दोन पहाटा. यंदा पाडव्याला एक कार्यक्रम कोथरूडच्या नाट्यगृहात आहे, एक भरत नाट्य मंदिरात, दोन्ही साडेपाचला. तत्त्वतः रसिकाने एकच निवडावा. आत्याने दोन्हींच्या चार-चार प्रवेशिका आणल्या आहेत. एकीकडचा पेटीवाला तिला आवडतो, दुसरीकडे तिची भाची तानपुऱ्यावर बसणार आहे. मध्यंतरात रिक्षा करायची असं ठरलंय. तोवर कोथरूडच्या खुर्च्या राखायला छत्री घेऊन मी जायचंय.