जीभ दाखव!

हाँगकाँगच्या जुन्या इमारतीत एखाद्या दिवशी पाणी नसेल, पण एक पो-पो असतेच. पो-पो म्हणजे कॅन्टोनीजमध्ये आजी. आमच्या पो-पो सातव्या मजल्यावर राहतात. पहिल्यांदा लिफ्टमध्ये भेटल्या तेव्हा मी अदबीनं "जो-सान", म्हणजे सुप्रभात, म्हणालो. त्या म्हणाल्या, "जीभ दाखव."

गाव परकं, माणूस वडीलधारं. दाखवली. चौथ्या मजल्यापर्यंत तपासणी चालली, दुसऱ्यावर निकाल लागला, "यीत-हेई!" यीत-हेई म्हणजे उष्णता. तोंड आलं, यीत-हेई. मुरूम उठला, यीत-हेई. साहेब माझ्यावर खेकसला, तर साहेबाला यीत-हेई. गुन्हेगारही ठरलेला: काल रात्री खाल्लेलं तळलेलं. लिची खाल्ली असेल तर विचारूच नका. एका घासात तीन आगी पेटतात म्हणे.

शिक्षा म्हणजे 'चोवीस चवी' नावाचा काळाकुट्ट काढा. रस्त्यावरच्या दुकानात तो वाडग्यातून मिळतो. त्यात मोजून चोवीस वनस्पती असतातच असं नाही, आणि चव तर एकच असते. तो प्यायल्यापासून पाडव्याचा कडुनिंब मला पेढ्यासारखा लागतो.

पो-पोंचं पंढरपूर म्हणजे शेउंग वानमधली को शिंग स्ट्रीट. तिथे औषधी मुळ्या, साली, पानं पोत्यांनी उतरतात. पो-पोंच्या नेहमीच्या दुकानात भिंतभर खणांचं कपाट आहे. त्याला म्हणतात 'शंभर लेकरांचं कपाट'. दुकानदार न बघता नेमका खण ओढतो आणि दांडीच्या नाजूक तराजूवर चिन-चिन तोलतो. चिन म्हणजे जेमतेम पावणेचार ग्रॅम. तेवढ्यातही पो-पो भाजीवालीशी घालावी तशी हुज्जत घालतात आणि वर मूठभर सुकी बोरं फुकट मिळवतात.

काढ्यात म्हणे एक राजा, एक मंत्री, एक साहाय्यक आणि एक दूत असतो. या दरबारात ज्येष्ठमधाला 'राज्यातला वडीलधारा' ही पदवी आहे, कारण ते बहुतेक काढ्यांत शिरतं आणि इतरांची भांडणं मिटवतं. आमच्या इमारतीचं ज्येष्ठमध कोण, हे सांगायला नको. फरक इतकाच, की या भांडणं लावतातही.

मी एकदा शंका काढली. त्यांनी तू यूयू बाईंचं 2015 चं नोबेल तोंडावर फेकलं: छिंगहाओ वनस्पतीतून मलेरियावरचं औषध! मी म्हटलं, "पो-पो, ते प्रयोगशाळेत ईथर वापरून काढलं. तुमच्यासारखं उकळून नाही." त्या म्हणाल्या, "चौथ्या शतकातल्या आमच्या पुस्तकातही भिजवून पिळा असंच आहे. उकळा म्हटलेलंच नाही!" स्वतः मात्र रक्तदाबाची गोळी सरकारी दवाखान्यातून आणून घड्याळ लावून घेतात. विचारलं तर म्हणतात, "गोळी आजाराला. काढा स्वभावाला."

डिसेंबरात मला सर्दी-ताप आला. पो-पो मातीचं भांडं घेऊनच दारात उभ्या. दालचिनीच्या काड्या, एका फुलझाडाचं मूळ, आलं, सुकी बोरं आणि अर्थातच ज्येष्ठमध. सुमारे 1800 वर्षांपूर्वी चांग चुंगचिंग नावाच्या वैद्यानं लिहून ठेवलेला हा काढा. वर त्याचीच आज्ञा: प्यायल्यावर गरम पातळ पेज घ्या, पांघरूण ओढा, हलका घाम येऊ द्या. व्हिडिओ कॉलवर साताऱ्याहून आई ओरडली, "अरे, ही बाई आपल्यातलीच आहे!"

मे महिन्यात आई हापूसची पेटी घेऊन आली. पो-पोंनी आंबा हुंगला आणि जाहीर केलं, "दमट विष." दोन दिवस सातवा मजला आणि आमचा पाचवा यांच्यात शीतयुद्ध चाललं, उष्णता दोन्हीकडे सारखीच. तिसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये गाठ पडली. पो-पोंनी फर्मावलं, "जीभ दाखव." मी भाषांतर केलं. आई म्हणाली, "आधी त्यांची बघू दे."

तळमजल्यावर दार उघडलं तेव्हा वॉचमनला दोन आज्या एकमेकींना जीभ दाखवताना दिसल्या. बिचाऱ्यानं निमूट आपलीही बाहेर काढली.