एका पेटीचं प्रदर्शन

गेम आर्टिस्टने लाकडी पेटी बनवून संपवली की खरा प्रश्न पडतो: ती रेंडर कशात करायची? मार्मोसेट टूलबॅग म्हणावं, तर सगळेच तेच वापरतात. ब्लेंडर फुकट, म्हणून उगाच कमीपणाचं. त्यातही ईव्ही हे रेंडर एंजिन झटपट आणि सायकल्स निवांत, म्हणजे घरातल्या घरात पुन्हा वाद. अनरिअल एंजिन घेतलं तर ल्यूमेनचा उजेड मिळतो आणि 'थेट एंजिनमध्ये केलंय' असं मिरवताही येतं. फक्त एका पेटीसाठी अख्खा प्रोजेक्ट उघडायचा आणि शेडर कंपाइल होईपर्यंत चहा पुन्हा गरम करत बसायचं.

मग तीन दिवे, थोडं धुकं आणि डेप्थ ऑफ फील्ड इतकी, की पेटीचं कुलूप तेवढं स्पष्ट. बाकी पेटी आहे असं समजायचं.

आर्ट लीड मात्र वायरफ्रेम मागतो. यूव्ही कशा मांडल्यात, टेक्स्चर किती मोठं, आणि सपाट फळीत एवढे ट्रँगल कशाला? कधीही न उघडणाऱ्या झाकणाच्या बिजागरीवर उधळलेले ट्रँगल कुठल्याच उजेडात लपत नाहीत.

यावर आर्टिस्टचं उत्तर तयार असतं: "ऑक्टेनमध्ये रेंडर करून बघतो."