नकार कुणाच्या वाट्याला

हिंजवडीतल्या किंवा खराडीतल्या एखाद्या आयटी कंपनीचं ऑफर लेटर हाती पडलं, की शहाणीसुरती माणसंही आधी सीटीसीचा आकडा वाचून हरखतात आणि मग तो सोलायला बसतात. कारण सीटीसी म्हणजे तुम्हाला काय मिळणार ते नव्हे, कंपनीला तुम्ही केवढ्याला पडणार ते. त्यात पीएफमधला कंपनीचा वाटा असतो, पाच वर्षं टिकलात तर पदरात पडणारी ग्रॅच्युइटी असते, आणि 'व्हेरिएबल' म्हणून एक रक्कम असते, ती मात्र नावाला जागते. उरल्यासुरल्यातून सरकार दरमहा 200 रुपये व्यवसाय कर घेतं आणि फेब्रुवारीत 300. सर्वांत तोकड्या महिन्यात सर्वांत जास्त. ही सोलाई आता सगळ्यांना येते. दोन ऑफर एक्सेलमध्ये शेजारी शेजारी मांडून 'इन हँड' किती, हे हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेला कुणीही बसमध्ये बसल्या बसल्या सांगेल. माझं म्हणणं एवढंच, की त्या तक्त्यात एक रकाना कमी आहे. कंपनी 'नाही' कुणाला म्हणते, याचा.

तुम्हाला ती म्हणते, हे तर दिसतंच. खरं सांगायचं तर ऑफर हातात असलेला उमेदवार हा एक नंबरचा अवघड क्लायंट असतो. नव्वद दिवसांचा नोटीस पीरियड म्हणजे त्याला बाजार फिरायला मिळालेली सुट्टीच. एकीची ऑफर दुसरीला दाखवायची, दुसरीची तिसरीला, मग जॉइनिंगची तारीख पुढे ढकलायची आणि शेवटी 'आठवड्यातून तीन दिवस घरून चालेल ना?' असं गोड आवाजात विचारायचं. यावर एचआर काय करतं ते अभ्यासण्यासारखं आहे. ते कधीही 'नाही' म्हणत नाही. 'तुमच्या बँडमध्ये बसत नाही,' म्हणतं. हा बँड आजवर कुणी पाहिलेला नाही, पण त्याच्यापुढे सगळे हात जोडतात. 'फायनान्सचं अप्रूव्हल लागेल,' म्हणतं. जॉइनिंग बोनस दिलाच, तर 'वर्षाच्या आत सोडलात तर परत करा,' हे कलम खाली बारीक अक्षरात घालतं. थोडक्यात, प्रत्येक मागणीला मर्यादा, सही, किंमत आणि अट. क्लायंटला कसं हाताळावं याचा इतका उत्तम धडा दुसरीकडे मिळणार नाही.

आणि हीच कंपनी खऱ्या क्लायंटपुढे उभी राहिली की सगळं विसरते. तो म्हणतो, 'एक छोटासा बदल आहे.' त्याला कुणी बँड दाखवत नाही. तुम्ही जादा मागितलेल्या वीस हजारांना चार सह्या लागल्या. त्याला तीन शनिवार फुकट द्यायला एकही लागत नाही, मॅनेजरची मान हलली की झालं. न्यूयॉर्कमधली सकाळी दहाची मीटिंग पुण्यात उन्हाळ्यात संध्याकाळी साडेसातला असते आणि नोव्हेंबरात साडेआठला जाते. घड्याळ तिकडे मागे जातं, पोळ्या वाकडमध्ये गार होतात. काम रखडलं, की क्लायंटची पुढची मागणी ठरलेली: 'आणखी चार माणसं लावा.' आयबीएममध्ये सिस्टिम/360 च्या ऑपरेटिंग सिस्टिमचं काम सांभाळलेल्या फ्रेड ब्रुक्सनी 1975 सालीच पुस्तक लिहून बजावलं होतं, की रखडलेल्या सॉफ्टवेअरवर माणसं वाढवली तर ते जास्तच रखडतं, कारण नव्यांना शिकवण्यात जुन्यांचे दिवस जातात. तरीही माणसं लावली जातात. त्यांचं बिल होतं ना.

यावर कुणी म्हणेल, हप्ते शनिवारांवर फिटत नाहीत, पगारावर फिटतात. कबूल. म्हणून पगाराचाच हिशेब करू. आठवड्याला 45 तासांचे वर्षाला 15 लाख, म्हणजे तासाला सुमारे 641 रुपये. 60 तासांचे 18 लाख, म्हणजे 577. तीन लाखांच्या बढतीचे पेढे वाटून झाल्यावर माणूस तासामागे चौसष्ट रुपयांनी स्वस्त झालेला असतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: क्लायंटच्या पैशावरच तर सगळं चालतं, त्याला नाही कसं म्हणायचं? पण क्लायंट काही दुष्ट नसतो. त्यालाही बॉस आहे, आणि जे फुकट मिळतं ते कुणीही मागतं. आपण भाजीवाल्याकडे कोथिंबीर मागतोच की. 'हा बदल करारात नाही, एवढे दिवस आणि एवढे पैसे लागतील,' असं लेखी गेलं, की निम्मे छोटेसे बदल त्याचे त्यालाच अनावश्यक वाटू लागतात. उरलेले खरोखर गरजेचे असतात, आणि त्यांचे पैसेही येतात.

हे आधी कळणार कसं, हा प्रश्न राहतो. प्रोजेक्ट तर जॉइन झाल्यावर ठरतो, आणि क्लायंट बदलतो. म्हणूनच क्लायंटची नव्हे, कंपनीच्या सवयीची चौकशी करायची. मुलाखतीच्या शेवटी 'तुम्हाला काही विचारायचंय?' असं म्हणतात, तेव्हा बहुतेकजण नम्रपणे कँटीनबद्दल किंवा ट्रेनिंगबद्दल विचारतात. त्याऐवजी विचारावं: गेल्या वर्षी क्लायंटची कुठली मागणी तुम्ही नाकारलीत, किंवा तिचे वेगळे पैसे लावलेत? समोरचा मॅनेजर एखादं उदाहरण तपशिलात सांगू लागला, तर दोन पैसे कमी घेऊन तिथे जावं. तो हसून 'आमच्याकडे क्लायंट म्हणजे देव' म्हणाला, तर वीस हजारांची मागणी तिथल्या तिथे चाळीसवर न्यावी. देवाच्या शनिवारांचे तेवढे होतात. ते बँडमध्ये बसणार नाहीत, हे वेगळं.