उलटा उतार

आमच्या शहापूर तालुक्याचा उतार मुंबईकडे आहे. तानसा, मोडकसागर, भातसा ही धरणं आमच्या हद्दीत, पण नळ मुंबईत. भेंडी आमच्या शेतात, भाव वाशीत. माणूस रात्री आसनगावात, दिवसभर करी रोडला. सगळं तिकडेच घरंगळत जातं. हा उतार उलटा फिरलेला मी एकदाच पाहिला, 2020 साली.

करोनाची वर्दी आमच्याकडे कोंबडीने दिली. कोंबडी खाल्ल्याने तो होतो, ही अफवा व्हॉट्सअ‍ॅपवरून रोगाच्या आधीच येऊन पोचली आणि पोल्ट्रीवाले पार बसले. पिशवी आणा आणि घेऊन जा, अशी गत झाली. कोंबडीचा भाव पडला आणि फणसाने मात्र भाव खाल्ला. मटणाच्या मसाल्यात त्याची भाजी शिजू लागली.

22 मार्चला जनता कर्फ्यू झाला आणि त्याच रात्रीपासून लोकल बंद. मी मात्र पुढचे कित्येक दिवस पहाटे चारला उठून डबा कुठे आहे विचारायचो. बायको म्हणायची, "डबा कशाला? ताट आहे की." दुपारचं ऊन आपल्या घरात नेमकं कुठवर येतं, हे मला वीस वर्षांनी कळलं.

मुरबाडच्या मामांना फोन लावला. "मामा, लोकल बंद झाली हो."

"आमची कधी सुरू झाली होती, भाच्या?"

खरंच होतं. मुरबाडला रेल्वे नाही. तिच्या नुसत्या घोषणा येतात, त्याही निवडणुकीच्या सुमाराला.

मग मुंबईकर झालेली भावंडं गावाकडे निघाली. चुलतभावाला जिल्हा परिषदेच्या शाळेत चौदा दिवस ठेवलं. याच शाळेतून तो मधल्या सुट्टीत पळून जायचा. आता खिडकीतून डबा घेताना कुंपणाकडे बघत बसायचा. पावसाळ्यात तो भाताच्या आवणीला उतरला. कंपनीत हिशेबनीस, त्यामुळे रेघ सरळ. पण रोपं बोटभरही रुतलेली नाहीत. संध्याकाळपर्यंत अर्धी तरंगायला लागली. दुसऱ्या दिवशी तो उठायच्या आत आईने ती मुकाट्याने पुन्हा खोचली. "जमलं की," असं तो अजून सांगतो. आम्ही कुणी काही बोलत नाही.

त्याआधीच्या मे महिन्यातलं एक चित्र मात्र डोळ्यांपुढून हलत नाही. नाशिक हायवेवर, कसाऱ्याच्या अलीकडे, दरवर्षी आमच्या बाया करवंदं घेऊन बसतात. त्या वर्षी थांबायला गाड्याच नव्हत्या. चालणारे होते, डोक्यावर बोचकी आणि कडेवर पोरं घेऊन, घाटाच्या दिशेने. एकाने दुरडीपाशी थांबून भाव विचारला आणि ऐकून नुसता उभा राहिला. बाईने पळसाच्या द्रोणात करवंदं भरली, वर मूठभर टाकली आणि त्याच्या पोराच्या हातात दिली. "पैसे येताना दे." माणूस गोरखपूरचा. त्याला मराठी किती कळलं देव जाणे. मान मात्र त्याने हलवली.

फोन लावावा तर आधी खोकला ऐकू यायचा, मग एक बाई साबणाने हात धुवायला सांगायची. तेही वीस सेकंद, असं जो तो बजावायचा. आमच्या पाड्यावर तेव्हा टँकरची वाट पाहत हंड्यांची रांग लागलेली. वीस सेकंदांत किती तांबे जातात, याचा हिशेब बायांनी केव्हाच मांडला होता. धरणांतून मुंबईकडे जाणारं पाणी तेवढं नेहमीसारखं चालू होतं. त्याला ना पास लागला ना विलगीकरण.

मधली उघडझाप सोडली, तर दोन डोस घेतलेल्यांना लोकल मिळाली ती 15 ऑगस्ट 2021 ला. चुलतभाऊ त्याच आठवड्यात गेला. त्याचे गमबूट पडवीत राहिले. पोचल्यावर आईला फोन केला, "काकी, इकडचं पाणी बाकी चांगलं हं."

"असणारच," आई म्हणाली, "आपलंच आहे."