हे चालत नाही

मस्यू जेवायला बसले, की पहिल्याच घासाला पुढच्या जेवणाचा विषय निघतो. समोर मासा असतो, मासा चांगला असतो, मस्यू तो मन लावून खातही असतात. पण बोलणं चाललेलं असतं रात्रीच्या सूपमध्ये लीक घालायची की नुसता बटाटा, याचं. रात्री सूप पिताना, उद्या बाजारात नवं अ‍ॅस्परॅगस आलं असेल का, याचं. पुढचं जेवण ठरल्याशिवाय हातातलं जेवण त्यांच्या अंगी लागत नाही.

पॅरिसच्या पूर्व भागातल्या आमच्या इमारतीत ते तिसऱ्या मजल्यावर राहतात, आम्ही चौथ्या. नोटरीच्या कचेरीतून निवृत्त झालेले कारकून. लोकांची मृत्युपत्रं आणि खरेदीखतं तपासण्यात हयात गेली, त्यामुळे कलम-पोटकलमाशिवाय जग चालू शकतं यावर त्यांचा विश्वास नाही. निवृत्तीनंतर हा सगळा कायदा स्वयंपाकाकडे वळला, एवढंच. मस्यू म्हणजे साहेब. तसे इमारतीत मस्यू पुष्कळ आहेत, पण कुणी नुसतं 'मस्यू' म्हटलं की ते हेच.

सोमवार सोडून रोज सकाळी ते आलिग्रच्या बाजारात जातात. सोमवारी बाजार बंद, म्हणून मस्यूंचं तोंडही बंद. त्यांची कामांबेर चीजची खरेदी बघण्यासारखी असते. चीजवाला विचारतो, "दुपारसाठी की रात्रीसाठी?" हा थट्टेचा प्रश्न नव्हे. चीज किती पिकलंय आणि पानावर येईपर्यंत किती पिकेल, यावर कुठलं द्यायचं ते ठरतं. मस्यू म्हणतात, "रात्री, साडेआठ." मग जरा थांबून, "मेहुणा येतोय. नऊ धरा." चीजवाला लाकडी डबी उघडतो, अंगठ्याने मधोमध हलकेच दाबतो, नाक मुरडतो, दुसरी उघडतो. ती मस्यूंच्या नाकाखाली धरली जाते. दोघेही गप्प. मागे रांग वाढत असते आणि कुणीही चिडत नाही, कारण रांगेतल्या प्रत्येकाला आपापल्या मेहुण्याची वेळ सांगायची असते.

"हे चालत नाही" हे त्यांचं आवडतं वाक्य. सॅलडची पानं सुरीने कापणं चालत नाही. काट्याने दुमडायची आणि तोंडात घालायची, मग भले हनुवटीवर तेल ओघळो. पाव उपडा ठेवणं चालत नाही. जुन्या काळी बेकर फाशी देणाऱ्या जल्लादाचा पाव तसा वेगळा काढून ठेवत, म्हणे. ब्रीच्या त्रिकोणी तुकड्याचं टोक कापून घेणं तर मुळीच चालत नाही. त्या चीजचा गाभा टोकाशी, आणि तो एकट्याने उचलणं म्हणजे सामायिक मिळकतीत बेकायदा ताबा. हा शब्दप्रयोग त्यांचाच. 'पारंपरिक' म्हणवणारा फ्रेंच पाव कोणत्याही टप्प्यावर गोठवायचा नाही, त्यात रसायनांची भर घालायची नाही, असा सरकारी हुकूम 1993 साली निघाला. तो त्यांना पाठ आहे, आणि नाक्यावरच्या बेकरलाही पाठ झालाय, कारण मस्यू तो अधूनमधून म्हणून दाखवतात.

सालाद निस्वाजच्या बाबतीत त्यांचा आधारग्रंथ म्हणजे नीस शहराचे एकेकाळचे महापौर झाक मेदसँ यांचं पाकपुस्तक. या सॅलडमध्ये उकडलेला बटाटा किंवा दुसरी कुठलीही उकडलेली भाजी घालू नका, असं महापौरांनी त्यात कळवळून बजावलंय. टोमॅटो, ऑलिव्ह, अँचोवी, अंडं वगैरे चालतं. पुढे या महापौरांवर सरकारी पैशांच्या भानगडींचे आरोप झाले. 1990 साली ते उरुग्वेला पळाले, 1994 साली त्यांना धरून आणलं, तुरुंगवासही झाला. मी एकदा मुद्दाम हा विषय काढला. मस्यूंनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "असेल. पण बटाटा घातला नाही."

दुपारी ते कोपऱ्यावरच्या बिस्त्रोत जातात. ठीक सव्वाबाराला, कारण दोनला स्वयंपाकघर बंद होतं आणि मस्यूंना घाई चालत नाही. जस्ताचा पत्रा मारलेला काउंटर, कागदी टेबलक्लॉथ, एकमेकांना खेटलेली टेबलं. शेजारच्याच्या बशीतलं सहज दिसावं, अशा बेताने मांडलेली. भिंतीवर फळा, फळ्यावर खडूने आजचे पदार्थ, आणि ते अक्षर फक्त वेटरलाच लागतं. मस्यू चष्मा लावून फळा वरपासून खालपर्यंत वाचतात, शेजारच्या टेबलाला त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका सांगतात आणि मग रोजचंच मागवतात. सुरुवातीला अंडं-मेयोनेज.

हा पदार्थ म्हणजे उकडलेलं अंडं, अर्धं करून पालथं घातलेलं, आणि वर मेयोनेज. बस. आपल्याकडे पाहुण्यापुढे हे ठेवलं तर पाहुणा विचारेल, जेवण कधी वाढणार? पण फ्रान्समध्ये क्लोद लबे नावाच्या नामवंत खाद्यसमीक्षकाने या पदार्थाच्या रक्षणासाठी चक्क संघटना काढली होती. ते गेल्यावर इतरांनी तिचं पुनरुज्जीवन केलं, आणि आता अंडं-मेयोनेजची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा भरते. मस्यू या संघटनेचे सभासद नाहीत. ती फार सौम्य आहे, असं त्यांचं मत.

त्यांची स्वतःची तपासणी अशी. आधी काट्याच्या कडेने अंडं कापायचं. बलकाभोवती हिरवट कडं दिसलं तर अंडं जास्त उकडलं, खटला तिथेच निकालात. मग मेयोनेज. ते अंड्यावर पांघरुणासारखं बसायला हवं, ओघळून बशीत तळं होता कामा नये. त्यात मोहरीचा ठसका हवा, पण नाकात जाईल इतका नको. एकदा ते वेटरला म्हणाले, "आज मेयोनेजमध्ये घाई दिसतेय." वेटर म्हणाला, "शेफची आज कोर्टात तारीख आहे. घटस्फोट." मस्यूंनी मान हलवली. "मग ठीक आहे. तरीही तेल हळूहळूच घालायचं असतं."

मस्यू आणि हा वेटर एकमेकांना वीस वर्षं ओळखतात. अजून दोघांत अहो-जाहो आहे, आणि एकमेकांचं नाव दोघांनाही माहीत नसावं. पण एकजूट पक्की. अमेरिकेहून आलेल्या आमच्या एका मित्राने तिथे स्टेक 'पूर्ण शिजवून' मागितला, तेव्हा वेटरने ते लिहून घेतलं नाही. त्याने मस्यूंकडे पाहिलं. मस्यूंनी डोळे मिटले. स्टेक आला तो आतून गुलाबीच. माझ्या सासूबाई आल्या होत्या तेव्हा मी आधीच सांगून ठेवलं, त्या शाकाहारी आहेत. बिस्त्रोने आनंदाने सॅलड दिलं, त्यात डुकराच्या मांसाचे परतलेले बारीक तुकडे. मी परत पाठवू लागले तर मस्यू मध्ये पडले, "मादाम, ते मांस नव्हे. ते चवीपुरतं आहे." सासूबाईंनी पाव खाल्ला. पावाची मात्र त्या आजही तारीफ करतात.

'छान झालंय' हे मस्यू कधी म्हणत नाहीत. त्यांची पसंती कळते ती पावावरून. पदार्थ आवडला तर पावाचा तुकडा मोडून बशी पुसून घेतात, इतकी, की ती धुवायचं काम उरू नये. बशी आत जाते, आतला माणूस ती दिव्याखाली धरतो आणि त्याला निकाल कळतो. मिशेलिनच्या तारेवाल्या हॉटेलांबद्दल त्यांना राग नाही, कीव आहे. "तिथे सॉसचे ठिपके घालतात," ते म्हणतात, "ठिपका पावाने पुसायचा कसा?"

त्यांचा खरा राग आहे ऑफिसच्या टेबलावर जेवणाऱ्यांवर. कामाच्या जागी कामगारांना जेवू देऊ नये, असं फ्रान्सच्या कामगार कायद्यातच लिहिलंय. 2021 साली कोरोनामुळे सरकारने हा नियम तात्पुरता शिथिल केला. रुग्णसंख्या, लशी, संचारबंदी, सगळं मस्यूंनी धीराने सोसलं होतं. पण ही बातमी आली त्या दिवशी ते जिन्यात मला थांबवून म्हणाले, "संपलं. आता माणसं कीबोर्डवर सॅलड खाणार."

रविवारी मस्यू स्वतः स्वयंपाक करतात. म्हणजे काय करतात, ते सांगायला हवं. पदार्थ बहुतेकदा पूल ओ पो, भाज्यांबरोबर अख्खी शिजवलेली कोंबडी. आपल्या रयतेला दर रविवारी भांड्यात कोंबडी मिळावी अशी इच्छा चौथ्या हेन्री राजाने व्यक्त केली होती अशी आख्यायिका आहे, आणि मस्यू ती राजाज्ञा मानून अंमलात आणतात. कोंबडी कोवळी चालत नाही. अंडी घालून थकलेली, वयस्क कोंबडी हवी, चव तिच्यातच. भलंमोठं बिडाचं पातेलं, त्यात कोंबडी, गाजरं, सलगम, लीक आणि लवंगा टोचलेला कांदा. पाणी उकळू द्यायचं नाही, नुसतं थरथरत ठेवायचं. वर आलेला फेस मस्यू झाऱ्याने काढतात. झारा मादामने, म्हणजे त्यांच्या बायकोने, धुतलेला. भाज्या मादामने चिरलेल्या, कांद्यात लवंगा मादामने टोचलेल्या. मधल्या दोन-अडीच तासांत मस्यू पातेल्यासमोर उभे राहून आईची आठवण काढतात. शेवटी लोण्यात मैदा परतून, त्यात रस्सा, मलई आणि अंड्याचा बलक घालून पांढरा सॉस करायचा असतो. बलक घातल्यावर उकळी आली तर सॉस फाटतो, तेव्हा आवंढा गिळत गॅसच्या बटणाशी उभ्या असतात त्याही मादामच.

आधी रस्सा येतो, शेवया घालून. मस्यू एक चमचा घेतात, मान मागे टाकतात आणि म्हणतात, "कोंबडीचं वय कळतं." मागे एकदा मी बशा उचलायला आत गेले, तेव्हा मादामने ओट्यावरचा एक चिमुकला चकचकीत कागद चुरगाळून ॲप्रनच्या खिशात टाकला. बाजारात मिळणाऱ्या सूपच्या क्यूबचा. "दोन घालते," त्या हळूच म्हणाल्या. "त्यांच्या आई तीन घालायच्या."

एरवी आठवडाभर मादाम आपल्या आईकडून आलेल्या झिनेत मातियोच्या पुस्तकावरून रांधतात. 1932 साली निघालेलं हे पुस्तक फ्रान्समध्ये घरोघरी असतं. मादामच्या प्रतीवर लोण्याचे डाग आहेत, त्यावरून आवडते पदार्थ ओळखू येतात. मस्यूंनी ते कधी उघडलेलं नाही. कायदा माहीत असलेल्या माणसाला वाचायची गरज नसते.

होळीला मी दोघांना जेवायला बोलावलं. ताट समोर येताच मस्यू गोंधळले. सगळं एकदम! मग त्यांनी स्वतःच क्रम लावला. कोशिंबीर ही सुरुवात, म्हणून ती आधी संपवली. बटाट्याची भाजी मुख्य पदार्थ, ती नंतर. कटाची आमटी सूप म्हणून मध्ये थोडी प्यायले, आणि लोणचं मोहरीसारखं कडेला ठेवलं. पुरणपोळी हातही न लावता बाजूला. गोड शेवटी, आणि त्याआधी चीज. मी म्हटलं, "मस्यू, ही आमटीबरोबर खायची. बुडवून." गोड पोळी तिखट आमटीत? "हे चालत—" एवढं बोलून ते थांबले. मादामने केव्हाच बुडवून खायला सुरुवात केली होती. मस्यूंनी एक तुकडा मोडला, बुडवला, खाल्ला. पुढे अख्खी पोळी गेली, दुसरी गेली, आणि शेवटी वाटी पोळीच्याच तुकड्याने पुसली गेली.

पुढच्या होळीला ते आपणहून आले. नागपूरहून माझे मावसदीर आले होते. त्यांनी पोळीवर तुपाची धार सोडली आणि दुधाची वाटी पुढे ओढली. मस्यूंनी काटा खाली ठेवला. दुधाबरोबर पुरणपोळी चालत नाही, पुरणाचा कट त्याच डाळीचा असतो, तेव्हा पोळीची जोड आमटीशीच, असं त्यांनी फ्रेंचमध्ये सविस्तर बजावलं, आणि मी ते जमेल तेवढं सौम्य करून मराठीत सांगितलं. मावसदिरांनी सगळं ऐकून घेतलं, मस्यूंना आपादमस्तक न्याहाळलं आणि मला विचारलं, "वहिनी, हे मूळचे पुण्याचे का?"