पेंडिंगराव

पेंडिंगरावांचं खरं नाव काय, हे आमच्या सोसायटीत कोणी विचारत नाही. ते सध्या पडताळणीत आहे.

मोबाइलवरच्या एका पैशांच्या ॲपमध्ये त्यांच्यापुढे ‘पेंडिंग’ ही पाटी इतके महिने लटकली आहे, की खाली क्रिकेट खेळणाऱ्या पोरांनी तेच नाव करून टाकलं आणि वर आदराने ‘राव’ जोडला. हा ‘राव’च सगळ्या दुखण्याचं मूळ आहे, हे पोरांना ठाऊक नव्हतं. त्याकडे येतोच.

असा एक गृहस्थ आता प्रत्येक इमारतीत असतो. वय सत्तरीच्या पुढे, पेन्शन वेळेवर, डोकं शाबूत आणि काखेत बटणाची प्लास्टिक फाइल. फाइलमध्ये आधार, पॅन, दोन्हींच्या झेरॉक्स, त्या झेरॉक्सच्या झेरॉक्स आणि पांढऱ्या पार्श्वभूमीवरचे फोटो, ज्यांत माणूस स्वतःच्याच तेराव्याला जेवायला आल्यासारखा दिसतो. रेंज गच्चीवर टाकीपाशीच मिळते. तिथे उभं राहिलं की ॲप म्हणतं, चेहरा गोलात आणा. आणला की म्हणतं, जवळ या. जवळ गेलं की म्हणतं, लांब जा. मग म्हणतं, डोळे मिचकवा. एकदा पलीकडे दोघी जणी पापड वाळत घालत होत्या आणि हे टाकीआडून डोळे मिचकावत होते. पुढचं सांगत नाही. तेव्हापासून पेंडिंगराव जिना चढतानाच मोठ्यांदा पुकारा करतात, “मी पडताळणीला येतोय हो!”

यातली खरी मजा अशी, की हा माणूस जन्मभर पडताळणीच करत होता. सांगली जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागात हेडक्लार्क. त्यांच्या टेबलावरून एकही वैद्यकीय बिल पहिल्या खेपेला पुढे सरकलं नाही, असं जुने शिक्षक अजून सांगतात. पहिल्या खेपेला सही नाही, दुसऱ्या खेपेला तारीख नाही, तिसऱ्या खेपेला पावती मूळ नाही. एका वेळी एकच त्रुटी काढायची, हा त्यांचा शिरस्ता. त्यातलेच एक गुरुजी आमच्याच इमारतीत राहतात आणि रोज संध्याकाळी कट्ट्यावर अगदी काळजीच्या सुरात विचारतात, “काय साहेब, झालं का?”

यावर पेंडिंगराव एकच उत्तर देतात. “गुरुजी, मी परत पाठवायचो, कबूल. पण का पाठवतोय ते लिहायचो. जावक क्रमांक घालून लिहायचो.”

मला विचाराल तर या एका वाक्यात त्यांची बाजू भक्कम आहे. ॲप काय लिहितं? ‘अरेरे! काहीतरी चुकलं. पुन्हा प्रयत्न करा.’ काय चुकलं? कुणाचं चुकलं? पुन्हा म्हणजे तेच पुन्हा, की वेगळं काही? सगळ्या नोकरीत पेंडिंगरावांनी फाइलींवर नाना शेरे मारले, पण ‘अरेरे’ हा शेरा कधी मारला नव्हता.

सुरुवात साधी झाली. नातवाने ॲप घालून दिलं, कुठल्याशा व्यवहाराचे १,३४० रुपये त्यातल्या पाकिटात परत आले आणि तिथेच बसले. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार असं पाकीट उघडायला फार काही लागत नाही. ओटीपीने तपासलेला मोबाइल नंबर, नाव आणि एखाद्या ओळखपत्राचा क्रमांक, तोही आपला आपणच भरायचा. एवढ्यावर महिन्याला १०,००० रुपयांपर्यंत भरता येतात. पण या अर्ध्या ओळखीवर फक्त खरेदी करायची; पैसे स्वतःच्या बँक खात्यात न्यायचे तर पूर्ण केवायसी हवी. पैसे आत यायला ओटीपी पुरतो, बाहेर निघायला वंशावळ लागते, असं पेंडिंगरावांचं निरीक्षण आहे.

“मग भाजी घ्या की त्या पैशांची,” सूनबाई म्हणाल्या. सूनबाई खासगी क्षेत्रात आहेत, त्यांना हे कळायचं नाही. एका लेखाशीर्षाची रक्कम दुसऱ्यावर खर्ची टाकणं पेंडिंगरावांना जन्मात जमलेलं नाही.

आता तो ‘राव’. आधारवर तो नावाला चिकटून आहे, पॅनवर एक जागा सोडून उभा आहे, आणि बँकेच्या पासबुकात मुळीच नाही. शाळेच्या दाखल्यावर तर आडनाव आधी, कारण आपल्याकडे हजेरी तशीच घेतली जायची. माणसाने हे कागद पाहिले तर एकच गृहस्थ दिसतो. मशीनला चौघे दिसतात, आणि चौघांनाही एकाच मोबाइल नंबरवर १,३४० रुपये हवे असतात. संशय येणारच. बरं, दुरुस्ती करावी, तर आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलून मिळतं. त्यातली एक खेप केंद्रावरच्या मुलाने वडिलांच्या नावातला काना खाल्ला तेव्हा खर्ची पडली. उरलेली एक पेंडिंगराव सहजासहजी काढत नाहीत. न जाणो, पुढे याहून मोठी नड आली तर? मात्र पॅनमधलं पाचवं अक्षर हे आडनावाचं पहिलं अक्षर असतं, ही माहिती ते वॉचमनपासून सगळ्यांना देतात. निदान तेवढं एक अक्षर सगळ्या कागदांवर जुळतं, याचं त्यांना समाधान आहे.

देशातला पहिला आधार नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात २९ सप्टेंबर २०१० रोजी दिला गेला, तेव्हा ते नोकरीत होते. “आता झेरॉक्सची कटकट गेली,” असं त्यांनीच त्या दिवशी ऑफिसात जाहीर केलं होतं. गुरुजी हे वाक्य विसरू देत नाहीत.

शेवटी कंपनीनेच मार्ग सुचवला. व्हिडिओवरून ओळख पटवायची. जानेवारी २०२० पासून रिझर्व्ह बँकेने याला मुभा दिली आहे. पेंडिंगरावांनी भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं, पंखा बंद केला, कुकरच्या शिट्टीला मनाई केली आणि खुर्चीत ताठ बसले. समोरचा मुलगा नम्र होता. पॅन दाखवा म्हणाला, दाखवलं. जरा तिरकं धरा म्हणाला, धरलं. लोकेशन चालू करा म्हणाला, तेही नातवाने दारामागून खाणाखुणा करून करवलं. मग त्याने विचारलं, “सर, जन्मतारीख सांगता?”

हा प्रश्न त्या पिढीला असा अचानक विचारायचा नसतो. शाळेत नाव घालताना गुरुजी लोकांनी निम्म्या महाराष्ट्राचा जन्म १ जूनला लावून टाकला आहे. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला नोकर आदल्या दिवशी, म्हणजे मागच्या महिनाअखेरीस निवृत्त होतो. त्यामुळे दर ३१ मे रोजी सरकारी कचेऱ्यांत नारळ आणि शाली कमी पडतात. पेंडिंगराव त्यातलेच. कागदावर १ जून, प्रत्यक्षात भाद्रपद. आणि कॅमेऱ्यासमोर खरं बोलायचं, या एका विचाराने ते क्षणभर थांबले.

स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला, “अहो, एक जून सांगा, एक जून! गणपतीतली नका सांगू!”

व्हिडिओवरच्या ओळखीत ग्राहकाला बाजूने कोणी सांगतंय असं आढळलं, तर ती प्रक्रिया फेटाळावी असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. मुलगा नियमाने वागला. स्क्रीनवर ‘अरेरे’ आलं. त्यानंतर दोन दिवस काकू बोलल्या नाहीत, की पेंडिंगराव बोलले नाहीत, याबद्दल सोसायटीत दोन मतं आहेत.

ग्राहक सेवेचंही सांगायला हवं, पण तिथे माणूस नसल्यामुळे थोडक्यात सांगतो. चॅटवर एक यंत्रबाई बसलेली असते. पेंडिंगरावांनी तिला रीतसर लिहिलं : ‘महोदया, उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, अर्जदाराचे प्रकरण आपल्या स्तरावर दीर्घकाळ प्रलंबित असून...’ यंत्रबाईंनी ताबडतोब उत्तर दिलं : ‘तुम्हाला मोबाइल रिचार्ज करायचा आहे का?’ त्यांनी स्मरणपत्र क्रमांक एक धाडलं. बाईंनी त्यांना सेवेबद्दल पाच तारे मागितले.

आणि मग एके दुपारी खुद्द केवायसी विभागातून फोन आला. माणसाचा. ‘सर’ म्हणून हाक, वर तब्येतीची चौकशी, आणि “आज रात्री तुमचं खातं बंद होणार, पण काळजी करू नका, मी दोन मिनिटांत करून देतो” असं आश्वासन. कागद नको, फोटो नको, डोळे मिचकावणं नको. फक्त एक ओटीपी. साऱ्या देशात दोन मिनिटांत केवायसी करून देणारा हा एकच विभाग आहे, आणि तो चोरांचा आहे. ज्याला पैसे परत द्यायचे आहेत तो ‘अरेरे’ म्हणतो आणि ज्याला न्यायचे आहेत तो ‘सर’ म्हणतो, हे पाहून कुणाचंही मन डळमळलं असतं. पेंडिंगरावांचं नाही. जुनी सवय उफाळून आली. “तुमचं नियुक्तिपत्र पाठवा,” ते म्हणाले. “साक्षांकित. ओळखपत्राची दोन्ही बाजूंची प्रत. आणि तुमच्या वरिष्ठांचं शिफारसपत्र.” पलीकडून ‘पाठवतो सर’ असा क्षीण आवाज आला. “फोटो पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा हवा,” असं हे सांगेपर्यंत फोन बंद झाला होता. लगोलग त्यांनी १९३० या सायबर हेल्पलाइनला कळवलं. इतक्या महिन्यांत त्यांनी प्रथमच कुणाचा तरी अर्ज फेटाळला होता. त्या रात्री म्हणे दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

हसण्यावारी नेतोय खरा, पण या डोळे मिचकावण्यापायी काहींचे फार हाल झाले आहेत. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या ज्या लोकांच्या पापण्याच जळाल्या, ज्यांना मुळात दिसत नाही, त्यांनी गोलात चेहरा कसा आणायचा आणि काय मिचकवायचं? असेच याचिकाकर्ते सर्वोच्च न्यायालयात गेले. ३० एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, डिजिटल सेवा मिळणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि केवायसीच्या पद्धती सगळ्यांना जमतील अशा करा, असं बजावलं. त्यापाठोपाठ ऑगस्ट २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने नियमांत भर घातली : केवायसीचा अर्ज विचार केल्याशिवाय फेटाळू नये, आणि फेटाळण्याची कारणं संबंधित अधिकाऱ्याने रीतसर नोंदवावीत.

नातवाने हे छापून आणून दिलं तेव्हा पेंडिंगरावांनी चष्मा पुसला, लाल पेन घेतलं आणि एकाच क्रियापदाखाली रेघ ओढली. “नोंदवावीत,” ते म्हणाले. “कळवावीत असं या वाक्यात कुठे आहे?”

गुरुजी खुर्चीत पुढे सरकले. कारण टिपणीत ठेवायचं आणि अर्जदाराला नुसतंच ‘विचाराधीन’ म्हणायचं, ही पळवाट कुणी शोधून काढली होती, हे शिक्षण विभागात सगळ्यांना माहीत होतं. पण त्या संध्याकाळी गुरुजी काही बोलले नाहीत. उलट त्यांनीच तक्रारीचा मसुदा लिहून दिला, आणि पेंडिंगरावांनी त्यात दोन त्रुटी काढल्या. एकाच वेळी दोन.

कंपनीने तक्रारीला तीस दिवसांत उत्तर दिलं नाही, किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य दाद मागता येते. पाकीट चालवणाऱ्या कंपन्याही त्यात येतात. पेंडिंगरावांनी तीस दिवस कॅलेंडरवर खुणा करून मोजले आणि तक्रार दाखल केली. तिथेही आधी नाव, मोबाइल आणि ओटीपी मागितला. ‘राव’ कसा लिहायचा यावर घरात बैठक झाली. सध्या ते प्रकरण लोकपालाकडे आहे, १,३४० रुपये पाकिटात आहेत आणि भाजी रोखीने येते.

तुमचाही अर्ज असा लटकला असेल, तर कंपनीकडे लेखी तक्रार करा, तिचा क्रमांक जपून ठेवा आणि तीस दिवस मोजायला लागा. चौकशीसाठी रिझर्व्ह बँकेचा नंबर १४४४८. आणि व्हिडिओवर बसण्याआधी घरच्यांना सांगून ठेवा, जन्मतारखेबद्दल आतून कोणीही काहीही बोलायचं नाही.